गाडी गरम होईपर्यंत

१

सकाळी सात वाजता गाडी गरम करायची, हा फिटरचा तीस वर्षांचा नेम होता. फिटर हे काही त्याचं नाव नव्हे. पण एका मोठ्या गोदामात मालाची उचलठेव करणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि घरीदारी सगळे त्याला फिटरच म्हणत. बायको तेवढी ‘अहो’ म्हणे, आणि फार लाडात आली तर ‘अहो फिटर’.

त्याची स्वतःची गाडी मात्र पेट्रोलची होती, जुनी, चोकवाली. शटर वर करायचं, चोक ओढायचा, किल्ली फिरवायची आणि पाच मिनिटं पाय हलका ठेवून बसून राहायचं. थंड इंजिन पळवणं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला जिना चढायला लावणं, असं त्याचं ठाम मत होतं. सुट्टीच्या दिवशी, आजारपणात, इतकंच काय निवृत्त झाल्यावरही, कुठे जायचं नसलं तरी गाडी गरम व्हायचीच.

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्याने त्या भिंतीला हात जाईल एवढी खिडकी पाडली होती. तो गाडीत बसलेला असताना बायको त्या खिडकीतून चहाचा कप द्यायची. ती बस स्टँडवर निवेदिका होती. माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगायची. तिने त्या भोकाचं नाव तिकीट खिडकी ठेवलं होतं. कप पुढे करत ती स्टँडवरच्या आवाजात एका दमात म्हणायची, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी पाच मिनिटांत सुटेल, प्रवाशांनी आपापले सामान सांभाळावे!” आणि दोघं हसायचे. रोज. माणसं सुखी असली की त्यांना तोच विनोद रोज चालतो.

मग तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीचे फोटो उजेडावर धरले आणि विचारलं, “घरात कोणी सिगारेट ओढतं का?” नाही. “कोळशावर स्वयंपाक? कारखान्यात नोकरी?” नाही, नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. “मग इतका धूर यांच्या छातीत आला कुठून?”

फिटरने खिशातली गाडीची किल्ली मुठीत धरली. बायको मात्र चटकन म्हणाली, “स्टँडवरचा असेल हो, डॉक्टर. दिवसभर बसेसचाच धूर.”

निवेदनाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिच्या काचा कायम बंद असत. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. 

२

गाडी विकून टाकणं सोपं होतं. पण विकली असती तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढं धैर्य फिटरजवळ नव्हतं. शिवाय आठवड्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यायचं होतं. भाड्याच्या गाडीत तिचा जीव घुसमटायचा. तेव्हा त्याने ठरवलं, इंजिन काढायचं आणि गाडी बॅटरीवर चालवायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटरी बसवल्या, आता एक स्वतःच्या घरी बसवू.

“जमेल का हो तुम्हाला?” बायकोने विचारलं.

“मला विचारतेस?”

“मग कोणाला विचारू? गाडी तर बोलत नाही.”

त्याने छताच्या तुळईला साखळी बांधली. चार दिवस एकेक नट सोडवला, पाईप काढले, वायरींना चिठ्ठ्या लावल्या. पाचव्या दिवशी इंजिन वर आलं, गॅरेजच्या मध्यभागी लोंबकळत राहिलं आणि त्याच्या टोकातून काळं तेल ठिबकत राहिलं. त्याच संध्याकाळी भंगारवाला दोन माणसं घेऊन आला आणि ते टेम्पोत घालून घेऊन गेला. फिटर टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभा होता. आत येऊन त्याने बॉनेटखालच्या मोकळ्या खड्ड्यात वाकून पाहिलं. तिथून थेट खालची फरशी दिसत होती. त्याला खूप हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगावर बायकोच्या पाठीशी बसून तिला वाफ देत होता. हे त्याचं नवं काम. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी बारीक आवाजात थरथरायला लागली. ताटाला ताट लागून होतो तसा आवाज. त्या आवाजाची दोघांना इतकी सवय होती, की पहिली दोन-तीन मिनिटं त्यात काही वावगं आहे हेच फिटरच्या ध्यानात आलं नाही.

बायकोने वाफेच्या भांड्यावरून मान वर केली. तिला खोकला आला. तो थांबल्यावर ती वैतागून म्हणाली, “बंद करा ना आता. झाली असेल गरम.”

आणि मग ती त्याच्याकडे वळून बघतच राहिली, कारण तो तिच्या शेजारी बसलेला होता. भांडी थांबली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

३

फिटर हा भुताखेतांना भीक घालणारा माणूस नव्हता. मशीन चालतं तेव्हा त्याला कारण असतं आणि बंद पडतं तेव्हाही असतं, यावर त्याने तीस वर्षं पोट भरलं होतं. तो कारण शोधायला लागला.

पहिला संशय शेजारच्या शिंपीणबाईंवर. त्या घरीच कपडे शिवत आणि त्यांचं मोटरचं मशीन दोन घरांमधल्या भिंतीला लागून होतं. तो विचारायला गेला.

“सकाळी सातला?” शिंपीणबाई हसल्या. “फिटरकाका, नऊच्या आत मी दोऱ्याला हात लावत नाही. का हो? आवाज होतो का काही?”

“नाही नाही. सहज विचारलं.”

“वहिनींना आहे का बरं?”

“आहे तसंच,” तो म्हणाला आणि घाईने परतला.

मग पाण्याचा पंप. तो दोन दिवस बंद ठेवून पाहिला. मग वासाकडे वळला, कारण बायको म्हणत होती की स्वयंपाकघरात अजून पेट्रोलच्या धुराचा वास येतो. त्याला स्वतःला येत नव्हता. इतकी वर्षं त्यातच राहिलेल्या नाकाला काय कळणार! भिंतीत मुरला असेल म्हणून त्याने गॅरेज साबणाच्या पाण्याने घासलं, चुना मारला. पेट्रोलची टाकी उतरवली. सायलेन्सर मागच्या नळीसकट कापून काढला. गाडीत धूर करू शकेल अशी एकही वस्तू आता उरली नव्हती.

भांडी रोज थरथरतच राहिली. ऐकू आलं की तो धावत मागच्या दाराने अंगणात जाई, वळसा घालून गॅरेजचं शटर वर करी, आणि तोवर सगळं शांत झालेलं असे. बॉनेट थंड. आत मोकळा खड्डा. एकदा मात्र त्याने उगाचच दार उघडून चालकाच्या सीटवर तळहात टेकवला. सीट उबदार होती. कोणीतरी आत्ताच उठून गेलं की असते तेवढी.

उन्हामुळे असेल, त्याने स्वतःला सांगितलं. गॅरेजमध्ये ऊन येत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण त्याकडे त्याने त्या दिवसापुरता कानाडोळा केला.

संध्याकाळी तो बायकोला म्हणे, “चल, गाडी सोड बघू.” हे त्यांचं मोजमाप होतं. ती पाठ ताठ करून बसे आणि एका दमात घोषणा म्हणायचा प्रयत्न करी. इंजिन काढलं त्या आठवड्यात ती ‘पाच मिनिटांत सुटेल’ इथपर्यंत पोचत होती. महिन्याने ‘फलाट क्रमांक चार’ला दम तुटला. घर धुऊन पुसून लख्ख झालं, धूर करणारं सगळं गेलं, आणि ती मात्र रोज थोडी थोडी आधीच थांबत होती. हे काही फिटरच्या हिशेबात बसेना.

४

काम त्याने तरीही थांबवलं नाही. उलट झपाटल्यासारखं केलं. मोडीत निघालेल्या फोर्कलिफ्टची मोटर गोदामातल्या जुन्या ओळखीने मिळाली होती. ती जुन्या गिअरबॉक्सला जोडायला मधली लोखंडी चकती लागते. तिचा नमुना त्याने आधी पुठ्ठ्यावर सतरा वेळा कापला. इंजिनाच्या जागी बॅटऱ्यांची एक पेटी, मागच्या डिकीत दुसरी. ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा किल्ली फिरवली, त्या दिवशी आत कुठेतरी ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. पाय दिला तशी गाडी गॅरेजमधून मांजरासारखी बाहेर आली. बायको दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या.

गाडीची सरकारी तपासणी झाली. तपासणीचा साहेब तरुण होता आणि कौतुकाने बघत होता. त्याने बॉनेट उघडलं, वायरी पाहिल्या, ब्रेक दाबून पाहिले. मग गाडीच्या मागे जाऊन तो उकिडवा बसला, आणि बराच वेळ बसला.

“काका, सायलेन्सर कधी काढलात?”

“दोन महिने होऊन गेले.”

साहेबाने बंपरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते त्याच्यापुढे धरलं. बोट काळं झालं होतं. “मग ही काजळी ओली कशी?”

“जुनीच असेल. धुतली नसेल मी नीट.”

“असेल,” साहेब म्हणाला. त्याने बोट रुमालाला पुसलं आणि कागदावर सही केली. लोकांना कागदावर सही करायची असते; बाकीच्या गोष्टी मनाला लावून घ्यायला वेळ कोणाला असतो?

दवाखान्यात तो तिला पहिल्यांदा त्या गाडीतून घेऊन निघाला तेव्हा मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने काच खाली केली. वारा आत आला. तिचा चेहरा खुलला. तिने पाठ ताठ केली आणि न सांगता घोषणा सुरू केली, आणि थेट ‘सामान सांभाळावे’पर्यंत गेली. एका दमात! फिटरच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो, असं त्याला वाटलं. घराची हवाच वाईट होती, गाडी नाही. आपण गाडी बरी केली.

पुढे सिग्नल लागला. गाडी निःशब्द उभी राहिली. उभ्या गाड्यांमधून रस्ता ओलांडणारी एक बाई गाडीच्या मागे आली आणि थबकली. आरशात ती त्याला स्पष्ट दिसली. तिने एका हाताने कडेवरच्या मुलाचं नाक झाकलं आणि दुसरा हात स्वतःच्या तोंडापुढे जोरजोरात हलवला, धूर झटकतात तसा. जाताना तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत निव्वळ संताप होता.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं.

“काही नाही. हिरवा झाला.”

५

डॉक्टरांनी आता घरीच प्राणवायूची नळी लावून घ्यायला सांगितलं. “हवा बदलून बघा,” असंही म्हणाले. बायकोची एकुलती एक बहीण चौथ्या मजल्यावर राहत होती आणि तिथे लिफ्ट नव्हती. बायकोला आता स्वयंपाकघरापर्यंत जाताना मध्ये एकदा बसावं लागत होतं. बहिणीकडे जायचा विषय तिथेच मिटला.

मग जे त्याने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते त्याने केलं. भंगारवाल्याला फोन लावला.

“अख्खी गाडी?” भंगारवाला म्हणाला. “आत्ताच तर नवी केलीत ना, फिटर?”

“घेऊन जा. आजच ये.”

“आज शुक्रवार. टेम्पो सोमवारीच मोकळा होईल. सोमवारी सकाळी आठला येतो बघा.”

गाडी स्वतःच कुठेतरी दूर सोडून यावी, असंही त्याच्या मनात आलं. पण बायकोला नळीवर ठेवून तासभरही बाहेर जायची सोय नव्हती. म्हणजे अजून तीन सकाळी काढायच्या होत्या. त्याने त्याच दुपारी विटा-सिमेंट घरपोच मागवलं आणि तिकीट खिडकी बुजवली. बायको खुर्चीत बसून पाहत होती. शेवटची वीट बसवताना ती म्हणाली, “आता चहा कुठून देऊ तुम्हाला?”

“मी इथेच बसणार आहे तुझ्यापाशी. मला कुठे चहा द्यायचाय?”

“तसं नाही हो,” ती म्हणाली. थोडा दम घेतला. “ती पाच मिनिटं मला फार आवडायची. तुमचं आपलं गाडीवर लक्ष. तुम्ही काही बोलायचा नाहीत, ऐकायचा नाहीत. मी मग तुमच्याकडे बघत उभी राहायची.”

त्याला तिच्याकडे वळता येईना. तो सिमेंट लिंपत राहिला.

शनिवारी सात वाजायच्या आधीच तो अंगणातून गॅरेजपाशी जाऊन उभा राहिला. शटर खाली होतं, पण कडेला दोन बोटं फट होती. त्या फटीला त्याने डोळा लावला. आत झुंजुमुंजू उजेड. गाडीचा मागचा भाग, मागची काच.

आधी त्याच्या पायांना कळलं. जमीन बारीक हादरत होती. मग इंजिनाचा आवाज आला, थंड, अडखळत सुरू होणारा, आणि मग हळूहळू एका लयीत येणारा. हा आवाज हजारांतही त्याने ओळखला असता. मागच्या काचेतून एका माणसाची मान दिसत होती. केस विरळ होत चाललेला माथा. करडा स्वेटर. तो स्वेटर बायकोने कधीच फाडून त्याची फडकी केली होती. माणूस आरामात टेकून बसला होता, एक कोपर खिडकीबाहेर काढून, घरात सगळं ठीकठाक असलेला माणूस बसतो तसा. भिंतीपलीकडून बायकोच्या खोकल्याचा आवाज आला. माणसाने मान जराही वळवली नाही. ऐकू येत असूनही न वळवणं वेगळं. हे तसं नव्हतं. त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

शटर उचलायला फिटर वाकला. हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आपण ते वर केलं तर तो माणूस वळून बघेल, आणि त्याचा चेहरा कसा असेल हे आपल्याला आधीच माहीत आहे, एवढं त्याला कळलं. पाच मिनिटं तो तसाच वाकून उभा राहिला. घरात बायको खोकत होती आणि तो शटरपाशी उभा होता. या गोष्टीची शरम त्याला नंतर दिवसभर पुरली.

६

दिवसभर विचार करून त्याने एक उपाय काढला, आणि तो एखाद्या फिटरलाच सुचावा असा होता. मशीनवर एका वेळी एकच माणूस बसतो. सीट रिकामी राहते म्हणून कोणी येऊन बसतं. उद्या सात वाजता सीट रिकामीच ठेवायची नाही. दोनच सकाळी काढायच्या, सोमवारी आठला तर गाडी जाणारच होती.

रविवारी पहाटे त्याने बायकोला उठवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. तिलाच तिथे बसायचं होतं. चहा आपल्या हाताने करीन म्हणाली. आज बरं वाटतंय, असंही म्हणाली. त्याने नळी नीट केली, शाल पायांवर घातली.

“अर्ध्या तासात येतो.”

“गाडीत बसणार?”

“नुसता बसणार. बॅटरीच्या वायरी सोडून आलोय मी. चालूच होणार नाही ती.”

“बसा,” ती म्हणाली. “पण लवकर या.”

त्याने गॅरेजचं शटर पार वरपर्यंत उचललं, मोकळी हवा राहावी म्हणून. गाडीत बसला. किल्ली घराच्या खुंटीवर होती. दोन्ही हात मांडीवर, दोन्ही पाय पेडलपासून लांब. पावणेसात झाले होते.

सात वाजले. तो श्वास रोखून वाट पाहत राहिला. काही झालं नाही. जमीन हलली नाही, आवाज नाही, वास नाही. समोर नवा चुना मारलेली पांढरी भिंत आणि तिच्यात बुजवलेल्या खिडकीचा चौकोन. त्याचा जीव भांड्यात पडला. सीट त्याच्या पाठीच्या आकाराची झाली होती. इतक्या वर्षांत झालीच असणार. त्याने मान मागे टेकवली. कितीतरी दिवसांत त्याला अशी पाच मिनिटं मिळाली नव्हती, ज्यात काही करायचं नव्हतं, कोणाचा श्वास मोजायचा नव्हता. अजून पाच मिनिटं बसू, त्याने ठरवलं. खात्री झालेली बरी.

उतरला तेव्हा गॅरेजमध्ये अंधार का, हे त्याला आधी कळेना. शटर खाली होतं, जमिनीला टेकलेलं. त्याने ते वर केलं, तशी बाहेरच्या उन्हाने त्याचे डोळे दिपले. हातावरच्या घड्याळात सव्वाआठ झाले होते.

स्वयंपाकघराचं दार आतून कोणीतरी सताड उघडलं होतं आणि खिडक्याही. शिंपीणबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि त्या खोकत होत्या. बायको खुर्चीत नव्हती. ती भिंतीपाशी खाली बसली होती, खिडकी बुजवलेल्या जागेला खांदा लावून, आणि तिच्या नखांत सिमेंटची भुकटी होती. नळी नाकाला तशीच होती. तिच्या शेजारी फरशीवर चहाचा कप होता. सांडलेला नव्हता, नीट ठेवलेला होता. फिटर गुडघ्यांवर बसला. त्याने तिच्या छातीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून वाट पाहिली. छाती वर आली नाही.

“काय माणूस आहात हो तुम्ही?” शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता. “तासभर! तासभर चालू ठेवलीत ती गाडी! वहिनी भिंत बडवत होत्या, मला माझ्या घरात ऐकू येत होतं. मी धावत आले, फाटकातून तुम्हाला हाका मारल्या. आधी तिकडे बघा म्हटलं, गाडी बंद करा म्हटलं. तुम्ही उतरलात. माझ्याकडे सरळ बघितलंत. आणि शटर खाली ओढून घेतलंत.”

फिटरने बायकोच्या नाकावरची नळी काढली. इंजिन कधीच गेलं, असं सांगता आलं असतं. पण त्याला एवढंच आठवत होतं, की आत फार शांत होतं आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.